सोबतीला दुसरा

तुरुंगाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचा तो तिसरा महिना, आणि त्या दिवशी त्या भलत्याच खुशीत होत्या. सावज आज जाळ्यात येणार होतं.

सावज म्हणजे ‘वकील’. वकिली त्याने जन्मात केली नव्हती, पण जीभ अशी की कैद्यांनी त्याचं नावच वकील पाडलं. आधीच्या डॉक्टरांना वेडाचं सोंग दाखवून तो बाहेरच्या इस्पितळात गेला होता आणि तिथून पसार झाला होता. तो सापडला, पण डॉक्टरांची नोकरी गेली. आता तो म्हणत होता, कोठडीच्या कोपऱ्यात एक माणूस उभा असतो, मला इस्पितळात हलवा.

बाईंनी काल गळ टाकला होता. वकिलाला ऐकू जाईल अशा बेताने त्या सिस्टरला म्हणाल्या, “खरा आजार असला ना, की त्या माणसाच्या एकाच पायात चप्पल दिसते.” असं कुठल्याच पुस्तकात नाही. घरी गेल्यावरही त्यांना आनंदाने झोप लागेना.

भर दुपारी वकील समोर येऊन बसला. त्याच्या कपड्यांना बंद पेटीसारखा कुबट वास येत होता.

“कसा दिसतो तो माणूस?”

“एकाच पायात चप्पल असते.”

बाईंना टाळी वाजवावीशी वाटली. “पकडलं तुला. ते मीच रचलं होतं.”

“ठाऊक आहे, मॅडम.” वकिलाचा आवाज अगदी खाली गेला. “गळ आहे हे कालच कळलं मला. मी बोलणार नव्हतो. पण तो म्हणाला... हेच सांग.”

“का?”

“मग तुम्ही मला इथून हलवणार नाही...”

बाईंना क्षणभर ते खरंच वाटलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. हीच तर त्याची खुबी! पण खरोखर घाबरला असेल आणि जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर? कॉलेजात असताना एका थोरल्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, असा माणूस मागेल ते द्यायचं नाही, पण त्याला वाऱ्यावरही सोडायचं नाही. बाईंनी तसाच हुकूम लिहिला. इस्पितळ नाही. कोठडीत सोबतीला एक शांत कैदी, आणि दर पंधरा मिनिटांनी पहारेकऱ्याने डोकवायचं. सापही मेला, काठीही मोडली नाही.

तासाभराने पहारेकऱ्याचा फोन आला.

“आत्ताच पहाऱ्यावर आलोय, मॅडम. सगळं ठीक. वकील झोपलाय. दुसरा उशाशी बसलाय.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. चहा घ्यावा म्हणून त्या बाहेर आल्या. बाकावर एक म्हातारा कैदी मांडीवर वळकटी घेऊन बसला होता. शेजारी शिपाई.

“मॅडम, ह्याच्या कागदावर तुमची सही राहिलीय,” शिपाई म्हणाला. “वकिलाच्या कोठडीत न्यायचाय ना ह्याला? केव्हाचे बसलोय आम्ही.”

बाई धावत आत गेल्या. त्यांनी पहारेकऱ्याला फोन लावला.

“कोठडीत कितीजण आहेत? नीट बघून सांग.”

फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पावलं गेली. कोठडीच्या दारातल्या झडपेची खिट्टी सरकली. मग झडप खाडकन बंद झाली. पावलं परत आली, घाईघाईने.

“एकच आहे, मॅडम... कुलूप तसंच आहे. किल्ली माझ्याच कमरेला आहे.”

“एकच ना? वकील?”

“नाही, मॅडम... दुसरा.”