पट्ट्याचं आठवं भोक

माणसाच्या मनगटावर किती घाण साठते हे घड्याळजीला जितकं ठाऊक असतं, तितकं त्या माणसाच्या बायकोलाही नसतं. वैजनाथ पाथ्रीकरांनी औरंगपुऱ्यात एका जिन्याखालच्या चार फुटी दुकानात तेहेतीस वर्षं लोकांची घड्याळं उघडली होती. मागचं झाकण काढलं की कडेच्या खाचेत तो असायचाच. घाम, कातडीचा कोंडा आणि धूळ मिळून झालेला काळपट, मेणचट मळ. बांबूच्या टोकदार काडीने तो कोरून कागदावर घ्यायचा, तोंड फिरवायचं आणि पुडी करून फेकून द्यायची. मिठाईवाल्याच्या मळाला खवट तुपाचा वास यायचा, बजाजनगरच्या कामगाराच्या मळात लोखंडाचा कीस चमकायचा, शाळामास्तरांचा मळ खडूने पांढुरका असायचा. मळावरून माणूस ओळखण्याची ही विद्या वैजनाथरावांना मुळीच नको होती, पण अंगवळणी पडली होती.

साहजिकच ते स्वतः घड्याळ घालत नसत. पण दुरुस्त केलेलं घड्याळ दिवसभर हातावर चालवून बघावंच लागतं, कारण टेबलावर शहाण्यासारखं चालणारं मशीन हाताच्या हालचालीत मागं पडतं. त्यासाठी ते कडक उन्हाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घालत आणि परक्याचं घड्याळ बाहीवरून बांधत. शेजारचे दुकानदार हसायचे. हसोत बापडे, त्यांना कुठे खाच कोरावी लागत होती?

त्यात पाण्याची बोंब. पावसाने दगा दिल्याचं हे सलग तिसरं वर्ष होतं. घरी, पुंडलिकनगरात, नळाला पाचव्या दिवशी पाणी येई, तेही पाऊण तास. दुकानात दिवसाला एक तांब्या, प्यायला. हात धुणं ही चैन झाली होती. मळ कोरलेली बोटं पेट्रोलच्या बोळ्याने पुसायची आणि त्याच बोटांनी डबा खायचा, या विचारानेच वैजनाथरावांचा घास तोंडात फिरे. पेट्रोलने कातडी कोरडी पडून डाव्या मनगटाला भेगा गेल्या होत्या. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई रोज सकाळी त्यावर कापूर घातलेलं खोबरेल चोळून देत. शहराला मात्र कशाचं सोयरसुतक नव्हतं. टँकरच्या रांगा एकीकडे आणि नव्या प्लॉटिंगचे फलक दुसरीकडे, दोन्ही सारख्याच जोमाने वाढत होते.

मे महिन्यात एका सकाळी अकराच्या सुमाराला सांडू दुकानात आला. हा चिकलठाण्याचा. बापजाद्यांची शेती विमानतळाच्या भिंतीपर्यंत पसरलेली होती आणि आता तो तिचे प्लॉट पाडून विकत होता. पन्नाशीचा, दणकट, गळ्यात साखळी. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं.

"काका, हिरीत घावलं," तो म्हणाला. "बुडाच्या गाळात."

विहीर त्याच्या हयातीत पहिल्यांदाच आटली होती. एखादा झरा लागतो का बघावं म्हणून गाळ काढला, झरा लागला नाही, हे लागलं. आता विहीर बुजवून तिच्यावरही प्लॉट पडणार होता. घड्याळ साफ करून द्या, मला घालायचंय, एवढंच त्याचं म्हणणं.

घड्याळ चांगलं थोरलं होतं. असली घड्याळं वैजनाथरावांनी जुन्या कॅटलॉगात तेवढी पाहिली होती. वैमानिकाचं घड्याळ. काळी तबकडी, रेडियमचे ठळक आकडे आणि बाराच्या जागी त्रिकोण, म्हणजे विमान अंधारात कसंही कललं तरी वरची बाजू कुठली ते एका नजरेत कळावं. चावीचं बोंड फुगीर आणि मोठं, हातमोजे घालूनही फिरवता यावं म्हणून. काचेभोवती फिरती कडी, उड्डाणाची वेळ खुणेने धरून ठेवायला. आणि पट्टा भलता लांब, रिव्हेट ठोकलेला, कारण तो कातडी कोटाच्या जाड बाहीवरून बांधायचा असतो. ही गोष्ट वैजनाथरावांना मनापासून आवडली. जगात आपल्याखेरीज आणखीही शहाणी माणसं होऊन गेली तर.

पट्ट्याला टोकापासून बोटाबोटाच्या अंतरावर सात भोकं होती. वापराची घडी पहिल्याच भोकाशी पडलेली. सातव्याच्या पुढे दोन बोटं सोडून आणखी एक भोक होतं, आठवं. ते कारखान्यातलं नव्हतं. कुणीतरी खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. तिथे बक्कल लावायचं तर मनगट लहान लेकराचं हवं. कुणाचा तरी मूर्खपणा, म्हणून त्यांनी नजर पुढे नेली.

चावी देताच घड्याळ चालू लागलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं. आतलं मशीन मऊ लोखंडाच्या वाटीत बसवलेलं होतं, विमानातल्या यंत्रांच्या चुंबकाने बिघडू नये म्हणून. वाटी कोरडी, लखलखीत होती. पण झाकणाच्या खाचेत मळ होता.

जुना, वाळलेला मळ त्यांनी समजून घेतला असता. हा ओला होता. राखाडी, बुळबुळीत, काडीवर घेतला की तार धरणारा. त्याला जळक्या तेलाचा आणि भिजल्या कातड्याचा वास येत होता आणि तो बोटाला किंचित कोमट लागत होता. वैजनाथरावांनी काडी कागदाला पुसली. हे घड्याळ काल-परवापर्यंत कुणाच्या तरी मनगटावर होतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. विहिरीतलं घड्याळ असं नसतं, हे त्यांनी सांडूला तोंडावर सांगितलं. सांडूने आईची शप्पथ घेतली. चोराचीही आई असतेच, असं मनात म्हणत त्यांनी घड्याळ ठेवून घेतलं.

दोन दिवस लागले. पट्टा साबणकापडाने पुसला, खाच तीनदा कोरली. तिसऱ्या दिवशी डाव्या बाहीवरून बांधलं. वैजनाथराव तसे जाडजूड, मनगट रुंद, त्यामुळे बक्कल चौथ्या भोकात बसलं. संध्याकाळी सोडलं तेव्हा घड्याळाने एका सेकंदाचीही चूक केलेली नव्हती. सांडू येऊन घेऊन गेला.

आठवड्याने तो परत आला. या वेळी घड्याळ दोन पिशव्यांत होतं.

"म्या घातलंच नाय, काका. कपाटात ठिवलं व्हतं. घरची म्हनती, कपाटाला वास मारायलाय."

झाकण उघडलं. खाच काठोकाठ भरलेली होती. घड्याळ चालत होतं, आणि चावी मी दिलीच नाही असं सांडू म्हणत होता. चावीचं घड्याळ दीड दिवसात थांबतं. पट्ट्याची घडी आता चौथ्या भोकाशी होती, खोल, वर्षानुवर्षं तिथेच बांधल्यासारखी. सांडूने पैलवानी हात पुढे करून दाखवला. चौथं भोक त्याच्या मनगटाला पुरलंच नसतं. मला नको हे, तुमच्याकडंच राहू द्या, म्हणाला आणि दुसरं काही ऐकून न घेता गेला.

वैजनाथराव काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी घड्याळ पुन्हा स्वच्छ केलं आणि चावी न देता बंद पडू दिलं. घड्याळासकट पट्ट्याच्या लांबीच्या कागदी पट्टीवर त्याच्या आठही भोकांच्या खुणा पेन्सिलीने जशाच्या तशा उतरवून घेतल्या. मग घड्याळ स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याला दोरा गुंडाळला, गाठीवर कागद चिकटवून सही केली आणि डबा खणात ठेवला. पाच दिवसांनी, दुपारी बारा वाजता, उघडला. सही जागेवर होती. दोरा शाबूत होता.

डब्यात टिकटिक चालू होती. घडी पाचव्या भोकाशी गेली होती. मळ खाचेबाहेर येऊन काचेपर्यंत ओघळला होता. काडीवर घेऊन त्यांनी नाकाशी नेला, सवयीने, ओळखायला.

कापराचा वास होता. कापूर आणि खोबरेल.

ते दुकानाबाहेर येऊन गटाराच्या कडेला भडाभडा ओकले. तोंड धुवायला तांब्यात दोन घोट उरले होते. एक चुळीला वापरला. दुसरा हातावर घेण्याची इच्छा इतकी होती की डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून त्यांचं लक्ष डाव्या हातावर गेलं. हा हात म्हणजे त्यांचं दुकान. उजव्याने चिमटा चालवायचा तो डाव्याने मशीन अचल धरलं तरच. चैत्रात पूजेला बांधलेला लाल दोरा, जो मनगटात रुतायचा, तो जेवताना आपोआप ओघळून ताटात पडला. सरोजिनीबाईंनी तो उचलला, मग नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं आणि वाढत राहिल्या. डॉक्टरांनी दोन्ही हात तपासून सगळं खापर उन्हाळ्यावर फोडलं. दुसऱ्या दिवशी एका बाईंचं छोटं घड्याळ दुरुस्त करताना डाव्या हाताची पकड सुटली आणि मशीन फरशीवर पडलं. तेहेतीस वर्षांत असं झालं नव्हतं. वैजनाथरावांनी खाली बसून सुटे भाग वेचले. हात गेला तर आपल्याकडे काय उरतं, हे त्यांना फार स्पष्ट दिसत होतं.

वैमानिकाच्या घड्याळाची घडी तोवर सहाव्या भोकाशी आली होती. त्यांनी सांडूला फोन लावला आणि विहीर अजून उघडी आहे का ते विचारलं. उद्या बुजवणार होते.

सकाळी नऊलाच ते स्कूटरवरून तिथे पोचले. विमानतळाच्या भिंतीला लागून उघडं माळरान, चुन्याने आखलेले प्लॉट, आणि मध्ये विहीर. काठावर मुरुमाने भरलेले ट्रक उभे होते. वैजनाथरावांनी डबा उघडला नाही. तसाच आत सोडला. तो चाळीस फूट खाली गेला आणि चिखलात पडल्यासारखा आवाज आला, जरी विहीर कोरडीठाक होती.

मग त्यांनी सांडूला विचारलं, घड्याळाबरोबर आणखी काय सापडलं होतं?

सांडूने ट्रककडे पाहिलं.

"बाही," तो म्हणाला. "कातडी कोटाची. एकच, डाव्या हाताची. घड्याळ तिच्यावरच बांधलेलं व्हतं, पैल्या भोकात."

"आत काय होतं?"

"हाड नव्हतं, काका. म्या नीट बघितलं." त्याने तळहात पँटला पुसला. "निस्ता मळ व्हता. गच्च भरलेला. खांद्यापतुर."

"मग आठवं भोक?"

"आत हात झिजत चाललाय हे त्या कोटवाल्याला कळलं आसंल. कोट निघायच्या आधीच पाडून ठिवलं आसंल त्यानं."

तो का असं म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नाही. मुरूम पडायला लागला. दुपारी दोनपर्यंत जमीन सपाट झाली आणि रोलर फिरला. वैजनाथराव शेवटपर्यंत उन्हात उभे होते. घरी येताना कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

दुसऱ्या दिवशी पाणी यायची पाळी होती. नळाने आधी फुस्स केलं, मग धार धरली. सरोजिनीबाई हंडे लावायच्या आत वैजनाथरावांनी हात पुढे केला आणि कोपरापर्यंत साबण चोळला. इतकं पाणी वाया घालवल्याबद्दल बाईंनी एरवी तोंडसुख घेतलं असतं. आज त्यांनी हंडा बाजूला सरकवून जागा करून दिली.

मनगटावर दोन बोटं रुंदीचा पांढुरका पट्टा उमटलेला होता. कडेला दोन गोल खड्डे, रिव्हेटचे.

त्यांनी चोळलं. मळाच्या वळ्या निघाल्या. आणखी चोळलं, आणखी निघाल्या. पाणी राखाडी जात होतं. त्यांनी एक वळी नाकाशी नेली.

कापूर नव्हता. जळकं तेल आणि भिजलं कातडं.

पाऊण तासाने नळाची धार बारीक होऊन थांबली. मळ थांबला नव्हता.

त्यांनी खिशातली भोकांच्या खुणांची ती कागदी पट्टी काढली आणि मनगटाभोवती गुंडाळली. ती सातव्या खुणेला बरोबर बसली.

मोरीत सरोजिनीबाई उरल्यासुरल्या पाण्यात कालचा शर्ट धुवायला घेत होत्या. त्यांनी डावी बाही उलटी केली आणि पटकन हात मागे घेतला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या एकाच बाहीत काय भरून आणलंत?"

वैजनाथराव पट्टीकडे पाहत होते. आठवी खूण अजून दोन बोटं लांब होती, आणि पाणी आता पाचव्या दिवशी येणार होतं.