भिंतीलगतचं पाणी

मुलुंडच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत पादत्राणं घालून जायला बंदी होती. शुभा राणे प्रिंटआउट वाचत मागे सरली आणि तिचा पाय कुणाच्या तरी बुटावर पडला. ती रागावणारच होती... पण समोरचा तरुण आधीच ओशाळला होता. भीमराज कांबळे, टेस्टिंगमधला.

"तुमचा आकडा माझ्या दुप्पट येतोय," तो हळूच म्हणाला.

शहाऐंशी साल. तापलेल्या नळीच्या भिंतीकडून आतल्या पाण्यात उष्णता किती झपाट्याने जाते, तो गुणांक शुभा प्रोग्रॅम लिहून काढायची. भीमराज खरी नळी तापवून मोजायचा. साहेबांनी बजावलं, आठवड्यात जुळवा, नाहीतर प्रोग्रॅम बंद आणि शुभा परत ड्रॉइंग विभागात.

तिने सगळ्या ओळी तपासल्या. चूक सापडेना. भीमराज रोज दुपारी बूट काढून यायचा, एक प्रश्न विचारायचा आणि उगाच रेंगाळायचा. हा चुका काढायला येतो, की... तिला काही उमगेना.

शेवटी ती टेस्टिंगच्या शेडमध्ये गेली. तो तापमापकाची तार नळीत अलगद सरकवत होता. भिंतीपाशी पाणी कढत, मधोमध कोमट. त्याच्या बोटांकडे पाहता पाहता ती दचकली.

"भिंतीच्या तापमानातून तू पाण्याचं कुठलं वजा करतोस?" तुम्हीचं तू कधी झालं, तिलाही कळलं नाही.

"सगळ्या पाण्याचं सरासरी."

तिचा प्रोग्रॅम भिंतीला चिकटलेल्या कढत पाण्याचं वजा करत होता. उष्णतेला याच फरकाने भागायचं; फरक लहान, म्हणून गुणांक मोठा. चुकलं कुणीच नव्हतं. 'पाण्याचं तापमान' म्हणजे कुठलं, एवढंच ठरलं नव्हतं. तिनेही सरासरी घेतली आणि आकडे जुळले. प्रोग्रॅम वाचला.

"म्हणजे आता तू येणार नाहीस," जिना उतरताना ती म्हणाली.

"येईन. तू आवडतेस... म्हणूनच येत होतो."

तिच्या डोळ्यांपुढे घाटकोपरचं घर आलं, तिचे वडील आप्पा आले. "घरी काय सांगू रे?"

"माझं नाव सांग. आडनावासकट."

त्याला काय म्हणायचंय ते तिला समजलं. "आणि तू? आईला काय सांगशील?"

"तिला केव्हाच सांगितलंय. तुलाच सांगायचं राहिलं होतं."

शुभाला हसू आलं, रागही आला.

"मग रविवारी मानखुर्दला तुमच्या घरी येते," ती म्हणाली. "आईंना भेटते. तिथून दोघं मिळून आप्पांकडे जाऊ."