पाच चुकांचं पत्र

जुनी कागदपत्रं जपणाऱ्या मूळसाधन भांडाराच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना चहा चांगला देत, पण वृषाली ढमढेरेबाईंच्या पुढ्यातला कप तसाच निवून गेला होता. साताऱ्याकडच्या डोंगरात नववीला इतिहास शिकवणाऱ्या या बाई इतक्या लांब आल्या होत्या त्या एक गुन्हा कबूल करायला. आणि समोर बसलेले शास्त्रज्ञ, डॉ. कैवल्य शिरोळे, यांच्या यंत्राला तो गुन्हा मान्यच नव्हता.

"अहो, ते पत्र मी लिहिलंय," बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "माझ्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर. चहाच्या पाण्यात बुडवून कागद पिवळा केला. शाळेसाठी केलं हो सगळं!"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," शिरोळे म्हणाले. "पण माझ्या विश्वासाला इथे काडीची किंमत नाही."

गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. जुनी पत्रं, दस्त, रोजनिश्या अशी मूळ साधनं तेव्हा नुकतीच ऑनलाइन वर्गात येऊ लागली होती, आणि पोरं पडद्यावर दिसेल ते खरं मानत. बाईंनी त्यावर उतारा काढला. १९१३ सालच्या एका सर्वेक्षकाचं खोटं पत्र त्यांनी रचलं: सावरखिंडीचा झरा तीन वर्षं कोरडा आहे आणि वस्ती उठून गेली आहे. त्यात पाच चुका मुद्दाम घातल्या. साहेब एसटीने आले. पाणी लिटरमध्ये मोजलं. पत्ता 'महाराष्ट्र राज्य' असा घातला. बारा मेला सोमवार होता, तिथे शुक्रवार लिहिला. आणि सही चक्क बॉलपेनने ठोकली. मग 'हे पत्र खोटं आहे, चुका शोधा' अशी टीप जोडून त्यांनी ते शिक्षकांच्या देवाणघेवाणीत टाकलं. पत्र गाजलं. हजारो वर्गांनी वापरलं.

फक्त गावाचं नाव त्यांनी खरं घातलं. सावरखिंड शाळेसमोरच्याच डोंगरावर होती, आणि नाव ओळखीचं असलं की पोरांना गोडी लागते, असं बाईंचं मत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण आता झऱ्यांचा कायदा आला होता. ज्या वस्तीने दीडशे वर्षं अखंड झरा वापरला, त्या वस्तीचंच पाणी. नाहीतर ते लिलावात. सावरखिंडीच्या झऱ्यावर श्रीमंतांसाठी विश्रामनगरी बांधणाऱ्या एका कंपनीचा डोळा होता, आणि जल-न्यायासनापुढे तिने बाईंचं पत्र ठेवलं होतं. शंभरपैकी पंचाण्णवच्या वर विश्वासांक, म्हणजे अस्सलपणाचे गुण, असलेलं साधन न्यायासनाला मानावंच लागे. पत्राचा विश्वासांक होता सत्त्याण्णव. सुनावणी सहा आठवड्यांवर आली होती.

"सत्त्याण्णव कसा?" बाई कडाडल्या. "त्यात एसटी आहे! लहान पोरसुद्धा हसतं त्याला!"

शिरोळ्यांनी भिंतीवर पत्र उघडलं. साहेब घोड्यावरून आले होते. पाणी घागरींनी मोजलं होतं. वार सोमवार. पत्ता मुंबई इलाख्याचा. सही बोरूची, शाई थोडी पसरलेली.

बाईंनी भिंतीजवळ जाऊन एकेक ओळ बोटाने तपासली.

"हे शुद्धियंत्राचं काम," शिरोळे हळू आवाजात सांगू लागले. "जुनी कागदपत्रं नकलून घेताना चुका होतात. कधी लेखनिक चुकतो, कधी वाचणारं यंत्र. म्हणून आम्ही वाचकांची मदत घेतो. निरनिराळ्या ठिकाणच्या हजारो वाचकांनी एकाच शब्दावर बोट ठेवलं, की यंत्र ती नकलेतली चूक धरतं आणि त्या काळाला साजेसा शब्द घालतं. चित्रसुद्धा त्याबरहुकूम दुरुस्त होतं. दुरुस्तीगणिक विश्वासांक वाढतो. एरवी फार उपयोगी पद्धत आहे ही, बाई. तिने हजारो दस्त वाचवलेत."

"म्हणजे माझ्या मुलांनी चूक पकडली, की…"

"यंत्राने ती काढून टाकली. मुलं जितकी हुशार, तितकं पत्र अस्सल."

"आणि माझी टीप?"

"ती शैक्षणिक साहित्यात गेली. पत्र साधनांत आलं. यंत्र साहित्य वाचत नाही."

बाईंनी पिशवीतून पिवळा कागद काढला. बावीस वर्षं जपलेलं, एसटीवालं, खरंखुरं खोटं पत्र! शिरोळ्यांनी ते यंत्राखाली ठेवलं. निकाल लगेच आला: 'मूळ पत्राची अलीकडे केलेली निकृष्ट नक्कल. पाच कालविसंगती.'

"अहो, एखाद्या माणसाला सांगा ना!"

"माणसं पूर्वी दस्तांत फिरवाफिरवी करत, म्हणून कायद्याने माणसाचा हातच काढून घेतला. मी आत्ता एक अक्षर बदललं तरी यंत्र ते तासाभरात पुसेल." शिरोळ्यांनी एक कोरा अर्ज पुढे सरकवला. "एक वाट आहे. तुमचं निवेदन द्या. तेही मूळ साधनच. चाळीस हजार वाचनं झाली, की न्यायासन ते विचारात घेईल."

बाईंना हायसं वाटलं. राज्यभरचे शिक्षक त्यांना ओळखत होते. त्यांनी तिथेच बसून निवेदन लिहिलं: 'हे पत्र मी रचलं. ते खोटं आहे.' घरी आल्या आणि फोनमागून फोन लावले. "माझं निवेदन वर्गात घ्या हो, एवढं कराच!" कुणीही नाही म्हटलं नाही.

सावरखिंडीच्या सरपंच शोभाआक्का संध्याकाळी दारात आल्या.

"बाई, पानी ऱ्हाईल न्हवं आमचं? माज्या सुना गाव सोडायचं बोलाय लागल्यात."

"राहील, आक्का. मी शब्द देते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्याच वर्गात निवेदन घेतलं. वाचून झाल्यावर ओवी मोहिते उभी राहिली. वर्गातली सगळ्यांत चौकस मुलगी.

"बाई, रागावू नका. हे निवेदन घटनेनंतर बावीस वर्षांनी लिहिलंय. दुसरा साक्षीदार नाही. लिहिणारी व्यक्ती त्या गावाजवळच राहते. आणि ती म्हणते पत्रात एसटी आहे, पण पत्रात एसटी नाहीच."

"अगं, ती व्यक्ती मी आहे! तुझ्यासमोर उभी राहून सांगतेय!"

ओवीचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. "तुम्हीच शिकवलंत ना बाई, सांगतंय कोण ते बघू नका, पुरावा काय ते बघा."

बाईंनी पेन उचललं. पोरीच्या वहीवर त्यांनी दहापैकी दहा दिले. दुसरं काय देणार?

राज्यभरच्या वर्गांतून तेच झालं. बाईंची पद्धत आता सगळीकडेच शिकवत होते, आणि पोरं तिच्यात तरबेज होती. चाळीस हजार वाचनं अकरा दिवसांत झाली. बाराव्या दिवशी शिक्षकखोलीत बाईंनी आपलं निवेदन उघडलं. 'रचलं' आणि 'खोटं' या शब्दांवर हजारो मुलांनी बोट ठेवलं होतं. सत्त्याण्णव विश्वासांकाचं पत्र आज हयात असलेली बाई रचणार कशी? ही नकलेतली चूकच. यंत्राने साजेसे शब्द घातले होते: 'हे पत्र मला सापडलं. ते खरं आहे.' खाली बाईंची सही. विश्वासांक अठ्ठ्याण्णव.

त्यांनी निवेदन मागे घ्यायला अर्ज केला. उत्तर आलं, की साधन एकदा दाखल झालं की मागे घेता येत नाही. त्यांनी दुसरं निवेदन लिहिलं. यंत्राने ते पहिल्याची सदोष प्रत म्हणून जोडून टाकलं. शिरोळ्यांना फोन केला, तर ते बिचारे नुसतेच "बाई, बाई" म्हणत राहिले. आता तोंड उघडावं तर तेही आपल्याच विरुद्ध जाणार, हे बाईंना कळून चुकलं.

सुनावणी पंचवीस मिनिटांत आटोपली. न्यायासनाने आधी पत्र वाचून दाखवलं, मग बाईंचं निवेदन.

"मी असं लिहिलेलं नाही!" बाई ओरडल्या.

"आपलं म्हणणं अठ्ठ्याण्णव विश्वासांकाने नोंदलेलं आहे," अध्यक्ष सौम्यपणे म्हणाल्या. "आपण खाली बसा." झरा लिलावात गेला.

बाहेर पायऱ्यांवर सावरखिंडीची माणसं उभी होती. बाई शोभाआक्कांजवळ गेल्या आणि त्यांनी आक्कांचा हात धरला.

"आक्का, ते खोटं आहे. पत्र मी लिहिलं होतं. माझ्या हाताने."

आक्कांनी हात सोडवून घेतला नाही. रडूनरडून त्यांचा आवाज बसला होता.

"आता कशापायी झाकताय, बाई? मोठ्या लोकांनी वाचून दावलं की." त्या बाईंकडे बघत राहिल्या. "मला एकच सांगा. घावलं व्हतं, तवाच चुलीत का न्हाई घातलं?"