शून्याचा वारा

"इनिड, वाऱ्याकडे तोंड कर आणि श्वास धर. फिल्टरची डबी बंद होईपर्यंत सोडायचा नाही. माणसाचा श्वास पडला की ती हवा समुद्राची राहत नाही."

डेझमंडने मला हे शिकवलं त्याला एकोणीस वर्षं झाली. टास्मानियाच्या वायव्य टोकावरच्या, हवा मोजणाऱ्या या केंद्राचा तो तेव्हा प्रमुख होता. तो गेला, सवय राहिली.

नैर्ऋत्येचा वारा असेल तरच आमचा पंप सुरू होतो. त्या बाजूला हजारो मैल नुसतं पाणी. त्या वाऱ्यात मिठाचे कण असतात, समुद्री शेवाळाने सोडलेल्या वायूपासून झालेलेही असतात. त्यांच्यावर ढग धरतात आणि ऊन परतवतात. काजळी ऊन पिते, आणि ती बहुतेक माणसाची. जगातल्या इतर केंद्रांनी आपला धूर आमच्या या स्वच्छ हवेशी ताडून पाहायचा. आम्ही तिला शून्य म्हणतो.

जूनमध्ये त्या शून्यात काजळी आली. रोज पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी यंत्राची रेघ उचलायची, पाव तासाने खाली बसायची.

आताची प्रमुख रोझलिन माझ्याहून बरीच लहान. तिने विचारलं, सहा दहाला तू काय करतेस? तिला माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत मेणबत्ती लावून प्रार्थना करते. माझा नवरा कॉलिन समुद्रात शेवंडं धरायला बोट घेऊन गेला, त्याला अकरा वर्षं झाली. बोटही मिळाली नाही. खिडकीत उजेड ठेव, म्हणजे मला घर कळेल, असं तो निघताना म्हणाला होता आणि मी हो म्हटलं होतं. मेणही त्यानेच पाळलेल्या मधमाश्यांचं. तापातसुद्धा माझा नेम चुकला नव्हता.

मी तिला म्हटलं, माझं घर ईशान्येला दोन मैलांवर. हा वारा आधी केंद्रावरून जातो, मग माझ्याकडे येतो. धूर उलटा कसा चालेल?

"देवाला तुझा धूर चालतो गं," ती हसली. "माझ्या शून्याला नाही चालत."

मग हसू आवरून तिने सांगितलं, कारण सापडलं नाही तर चाळीस वर्षांच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही. सात दिवस मेणबत्ती बंद ठेव.

मी ठेवली. त्या वेळेला केंद्रातच येऊन बसले, हात जोडून. पहिल्याच पहाटे सहा दहाला रेघ उचलली, नेहमीच्या दुप्पट. रोझलिनने थट्टा सोडली. बोट असेल म्हणून तिने बंदरात विचारलं. त्या बाजूला एकही बोट नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिप्पट. चौथ्या दिवशी, फिल्टर पाठवला होता त्या प्रयोगशाळेचा निरोप आला : काजळी मधमाश्यांच्या मेणाची आहे, आणि तिच्यावर मिठाचा जाड थर आहे.

त्या मेणाच्या मेणबत्त्यांचा एक डबा कॉलिन बोटीवर ठेवायचा. हे मी रोझलिनला सांगितलं नाही.

सहाव्या पहाटे काजळीची रेघ कागदाच्या वरच्या कडेला टेकली. शेजारी कर्बवायूची, श्वासातून बाहेर पडतो त्याची, रेघ असते, एरवी सपाट. ती वर गेली. खाली आली. वर गेली.

खिडकीतून बाहेरचा, हवा खेचणारा खांब दिसत होता. तिथला दिवा चालू होता. खांबापाशी कुणी नव्हतं.

"इनिड," रोझलिन हळू म्हणाली, "श्वास धर."

दोघींनी धरला.

रेघ वरखाली होत राहिली. सावकाश, दमून आलेल्या माणसासारखी.

तिने यंत्राकडे पाठ केली. "शून्य गेलं खड्ड्यात. तू घरी जा. लाव ती."

मी कोट चढवला, खिशात काडेपेटी चाचपली. बाहेर अजून उजाडलं नव्हतं. गवत ओलं होतं. वारा पाठीवर होता आणि त्याला जळत्या मेणाचा वास होता. मी घराची वाट धरली. मागे पाहिलं नाही.

सवयीने मी श्वास धरला होता.

माझ्या मागे जो होता, त्याने धरला नव्हता.