उचक्या

मी डबा विसरले, म्हणून चिमी तो घेऊन कॉलेजात आली. निमित्त एवढंच. माझी धाकटी बहीण ती. डिसेक्शन हॉलबाहेरच्या बाकावर नाक दाबून बसली. फॉर्मलीनचा वास तिला सोसत नाही. मला मात्र तो आता माझ्या उशीलाही येतो.

आत मी शवाच्या मानेतून छातीत उतरणारा मज्जातंतू मोकळा करत होते. असतो शिवणाच्या दोऱ्याएवढा, पण श्वासाचा पडदा तोच हलवतो. डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही तुटले की संपलंच. मी तो चिमट्यात हलकेच उचलला आणि बाहेर चिमीला उचकी लागली.

"कोण गं आठवण काढतंय?" मी आतून विचारलं.

"तूच असशील, ताई."

चिमटा सोडला, उचकी थांबली. पुन्हा धरला... पुन्हा उचकी. मला आधी हसू आलं, मग येईना.

नंतर चिमी घरी असताना फोन लावून पुन्हा तंतू उचलून पाहिला. अंतरानं काही फरक पडत नव्हता. आईला सांगितलं, तर म्हणाली, "अभ्यासानं डोकं फिरलंय तुझं. पाणी पाज तिला." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी घाबरले होते, फार घाबरले होते.

आमच्याकडे परीक्षेची रीत अशी, की सोडवलेला तंतू उचलून दाखवायचा आणि मग कापून ताटलीत ठेवायचा. परीक्षेच्या दिवशी पहिला नंबर माझाच लागला. सरांसमोर मी शवावरचं कापड काढलं आणि हात मागे घेतले.

"मी नाही कापणार, सर."

"नापास होशील."

"होऊ दे."

वर्ष गेलं तर गेलं. चिमीचा श्वास राहायला हवा होता.

सरांनी स्वतःच कात्री उचलली. मी त्यांचं मनगट धरलं. ते रागावले नाहीत, नुसते शवाच्या मानेवर वाकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"कापायचं राहिलंय काय?" ते हळूच म्हणाले. "दोन्ही बाजूंचे तुटलेत. कापलेली टोकं अजून ओली आहेत... पण हॉलला तर सकाळपासून कुलूप होतं."

मी बाहेर धावले, घरी फोन लावला. आई कुजबुजत बोलली.

"हळू बोल. सकाळपासून उचक्यांनी नुसती हैराण झाली होती बिचारी. आत्ताच थांबल्या. शांत झोपलीय गं."