पल्याडच्या बाजूचा थांबा

केबिनमधला तो दिवा मालव रे साल्वो, डोळ्यांवर येतो. सक्तीची विश्रांती आहे ना? मग ट्रक कुठं पळून जात नाहीत. बसा पाय पसरून.

एजिदिओ गावी माझ्या शेजारचा. त्याची आई नून्त्सिया, तिच्या हातचं कैक वेळा जेवलोय मी. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून. माझ्या पदरचं यात काही नाही.

गेल्या वर्षी, एक नोव्हेंबर सरून दोन तारीख लागायची रात्र. आपल्याकडं त्या रात्री घरची गेलेली माणसं घरी येतात. टेबलावर त्यांच्यासाठी पाव आणि वाईन ठेवायची, दाराला कडी घालायची नाही. नून्त्सियाला ती रात्र घरीच काढायची होती. पण एजिदिओ तिकडं उत्तरेला, तोरिनोला कारखान्यात. सोमवारी कामावर हजर व्हायचं, म्हणून शनिवारी रात्रीच निघायचा त्याचा हट्ट. डोळे तपासायला नेतोय, असं त्यानं आईला सांगितलं होतं. खरं तर तिच्यासाठी तिकडच्या वृद्धाश्रमात खोली ठरली होती. सगळ्या गावाला माहीत होतं. तिला एकटीलाच माहीत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "दाराला कुलूप लावलंस?"

"लावलं."

"मग तुझा बाप बाहेरच राहील."

एजिदिओनं हसण्यावारी नेलं. म्हणाला, बुटक्या बाबांना कुलपाचं काय, ते दाराखालच्या फटीतूनही येतील. ती हसली नाही. मागच्या सीटवर घोंगडी पांघरून आडवी झाली.

मध्यरात्र उलटल्यावर त्याला लघवीला लागली. पुढं एक थांबा आला. आपल्या या थांब्यासारखा नव्हे. ना पंप, ना कॉफी. चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, एक बाकडं, पाण्याचा नळ आणि सिमेंटची संडासाची खोली. रस्त्याच्या पल्याड, दक्षिणेकडं जाणाऱ्या बाजूला, हुबेहूब तसाच दुसरा थांबा. मधे काँक्रीटचा कठडा. गाडी वळवून पलीकडं जायचं तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन फिरून यावं लागतं, आणि तो फाटा डोंगराच्या पार पलीकडं. तुम्ही रोज जाता, तुम्हाला काय सांगायचं.

थंडी होती. आईला ऊब राहावी म्हणून त्यानं इंजिन चालूच ठेवलं. फोन चार्जिंगला गाडीतच. आई गाढ झोपलेली. तो उतरला.

आत गेला तसा दिवा आपोआप लागला. आपण हललो की लागतो, उभे राहिलो की विझतो, तसला. मागं लोखंडी दार लोटलं गेलं. त्यानं आटपलं, हात धुतले, दाराशी आला.

दार उघडेना.

ढकललं, ओढलं, खांदा लावला. काही नाही. जुनं दार आहे, अडकलं असेल, असं मनाशी म्हणाला. पुन्हा धक्का दिला. मग दमून उभा राहिला, तर दिवा विझला. हात हलवला की लागायचा, थांबला की काळोख. खिडकी म्हणावी तर छताजवळ वीतभर फट. तीतून आपल्या गाडीच्या इंजिनाचा आवाज येत होता. तेवढाच धीर.

बराच वेळ हाका मारून त्याचा घसा बसला. भिंतीला टेकून तो काळोखात उभा राहिला. अगदी निश्चल.

आणि दिवा लागला.

तो हलला नव्हता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यानं श्वास रोखला. दिवा तसाच. मग बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला...

"आई, चल."

आवाज त्याचा होता. एजिदिओचा स्वतःचा. तोच थोडा घोगरा सूर.

"कुठं?" आईचा झोपाळलेला आवाज.

"घरी."

एजिदिओ दारावर तुटून पडला. आई, मी इथं आहे, आत आहे, असं ओरडत राहिला. मग आईनं विचारलं,

"कोण ओरडतंय रे तिकडं?"

"कुणी नाही."

गाडीचं दार लागलं. गिअर पडला. चाकांखाली खडी वाजली...

मग काहीच नाही.

दिवा विझला. त्यानं हात हलवला. लागला नाही. दोन्ही हात हलवले. नाही. तो खाली बसला. ओल्या फरशीवर. काळोखात...

काय म्हणालास साल्वो? दारू? अरे, त्याच्या पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं. ऐक मुकाट्यानं.

उजाडल्यावर साफसफाईची बाई आली. तिनं एका हातानं दार ओढलं, ते सहज उघडलं. एजिदिओ तिच्या अंगावरच कोसळला. दार अडकलं होतं, एवढंच कसंबसं म्हणाला. तिनं दार हलवून दाखवलं.

"अहो, या दाराला कडीच नाही. कधीपासूनची तुटलीय."

तो बाहेर धावला. गाडी जागेवर नव्हती. मग नजर पलीकडं गेली. पल्याडच्या थांब्यावर, दक्षिणेकडं तोंड करून, त्याची गाडी उभी. इंजिन चालू.

फाटा बिटा त्याला सुचलाच नाही. कठडा चढून, दोन्ही बाजूंच्या ट्रकांच्या कर्कश हॉर्नमधून तो पलीकडं पोचला. नून्त्सिया मागच्या सीटवर उठून बसली होती. केस नीट बांधलेले. चेहरा शांत.

"गाडी इकडं कुणी आणली, आई?"

"तूच की. त्यानंतर रात्रभर काही बोलला नाहीस. बरं वाटलं मला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डोळ्यांना माझ्या काही झालेलं नाही, एजिदिओ. मला सगळं दिसतं."

त्यानं पुढचं दार उघडलं. उत्तरेकडं जायचं तर पुन्हा फिरून यावं लागणार होतं. गाडीचं तोंड घराकडं होतं. त्यानं घरचीच वाट धरली. नून्त्सिया आजही तिच्या घरात आहे, आणि हा महिन्यातून एकदा तोरिनोहून खाली येतो.

पण गाडीत बसताना काय झालं, ते त्यानं मला सगळ्यात शेवटी सांगितलं. एजिदिओ उंच माणूस, ताडासारखा. तो सीटवर बसला आणि गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पुढं ओढलेली होती. पार पुढं. एखाद्या बुटक्या माणसाचे पाय पोचावेत म्हणून ओढावी तशी.

गाडी अजून तीच आहे. परवा गावात आला होता, मी बघितलं. सीट त्यानं मागं सरकवलेली नाही. गुडघे दुमडून चालवतो.