वहिनीचा अंगठा

पत्ता वाचणारं यंत्र बनवणं फारसं अवघड नाही. वाचलेल्या पत्त्याप्रमाणे पाकीट योग्य खणात टाकणं तर त्याहून सोपं. खरी मेख आहे ती गठ्ठ्यातून पाकीट उचलण्यात. एका वेळी एकच. कोणालाही सांगितलं तर हसतात, यात काय मोठंसं म्हणतात. पण पाकिटं एकमेकांना चिकटतात. डिंकाने, दमट हवेने, कधी नुसत्या एकमेकांच्या वजनाने. वरचं उचललं की खालचं मुकाट्याने मागोमाग येतं, आणि दोघं मिळून एकाच्याच पत्त्यावर जातात. मग कोणीतरी कुठेतरी उगाच वाट बघत बसतं.

माझा दादा या एका पाकिटापायी अर्धा म्हातारा झाला. टपालखात्याच्या वर्कशॉपमध्ये तो यंत्रांचे नमुने तयार करायचा आणि मी, त्याची धाकटी बहीण, त्याच वर्कशॉपमध्ये वायरिंगचं काम बघायचे. त्याने हवेने ओढून पाहिलं, रबरी रूळ लावून पाहिले, पट्टे लावून पाहिले. दर काही पाकिटांमागे एक जोडी यायचीच. दादा चिडायचा, सगळं खोलायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. घरी जेवताना त्याच्या ताटाशेजारी एक तरी बेअरिंग पडलेलं असायचं. वहिनी ते उचलून खिडकीत ठेवायची आणि म्हणायची, "सवतीला बाहेर बसू दे जरा."

वहिनी टपाल छाटायच्या हॉलमध्ये कामाला होती. लांबलचक हॉल, उंच खिडक्या, टेबलांच्या रांगा, समोर भिंतभर लाकडी खण. एकदा तिची पाळी संपायची वाट बघत दादा तिथे उभा राहिला आणि घरी आला तो तिच्या हाताकडेच बघत. "इतकी वर्षं संसार करून त्याने माझा हात आज पाहिला," असं वहिनी पुढे सगळ्यांना हसत सांगायची.

त्याने पाहिलं ते असं. वहिनी डाव्या हाताने गठ्ठा धरायची, टेबलावर आपटून कडा सारख्या करायची. मग उजव्या अंगठ्याने, टोकाने नाही, कुशीने, वरचं पाकीट आधी किंचित मागे ढकलायची आणि मग उचलायची. त्या मागे ढकलण्यातच चिकटलेलं सुटायचं. गठ्ठा संपला की मूठ एकदा उघडून मिटायची आणि पुढचा गठ्ठा घ्यायची. तिच्याकडून जोडी गेलेली कोणाला आठवत नव्हती.

दादाने तिच्या अंगठ्याला पेन्सिल बांधली आणि फळीवर कागद लावून त्या हालचालीची रेघ काढून घेतली. त्या रेघेवरून त्याने कॅम घासला. कॅम म्हणजे वेडीवाकडी कड असलेली पोलादी चकती. ती फिरते तशी तिच्यावर टेकलेली दांडी वरखाली होते. दांडीच्या टोकाला रबरी अंगठा बसवायचा होता, त्यासाठी त्याने वहिनीच्या अंगठ्याचा साचा घेतला. रबरावर कातडीच्या रेघासुद्धा उमटल्या. त्याने पकड चांगली बसते, असं दादा म्हणाला.

वहिनीचा आजार त्याच सुमारास सुरू झाला. स्नायूंचा होता, औषध नव्हतं. दादा घरी बसतो म्हणाला तर तिने त्याला पिटाळलं. "ते पुरं कर आधी. मी कुठे पळून चाललेय?" म्हणाली. दादाला ते खरं वाटलं. त्याला तेच खरं वाटायला हवं होतं, असं मला आता वाटतं. मी रजा काढून तिच्याजवळ बसले. ती गेली तेव्हा भर दुपार होती आणि दादा वर्कशॉपमध्ये कानस घेऊन कॅमची शेवटची कड गुळगुळीत करत होता. निरोप पोचून तो धावत आला, पण उशीर झाला होता. त्याच्या बोटांना पोलादाचा कीस लागलेला होता. तो रडला नाही. त्यानंतरही कधी रडला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

यंत्र पुरं झालं. हॉलमध्ये वहिनीचं टेबल होतं त्या जागी ते बसवलं. दिवसच्या दिवस चाललं, एक जोडी आली नाही. खात्याचे वरिष्ठ येऊन पाहून गेले, खूश झाले आणि तशी आणखी यंत्रं बनवायला नकाशे कारखान्याकडे पाठवून दिले.

एवढीच गोष्ट होती की गठ्ठा संपला की यंत्र जरासं थांबायचं. दादाने तसं काही त्यात घातलेलं नव्हतं. मी स्प्रिंग सैल असेल म्हणून बदलली, मोटरची जोडणी तपासली. काही सापडलं नाही. हॉलमधल्या सगळ्यात जुन्या सॉर्टर बाई, त्यांना सगळे मावशी म्हणत, यंत्राकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"मूठ उघडून मिटायला लागतो ना, तेवढाच वेळ थांबतं," त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलावर निघून गेल्या.

मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. वायरीतून करंट जातो किंवा जात नाही, मधलं काही नसतं. पण काही दिवसांनी यंत्राची डावी पट्टी ढिली पडली. गठ्ठा सरळ धरून ठेवणं हे तिचं काम. पाकिटं कलायला लागली, घसरायला लागली. मी बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पट्टीच नवी बसवली. नवी पट्टीही दोन दिवसांत तशीच झाली, सावकाश, थकल्यासारखी. पाना हातात घेऊन मी तिच्याकडे बघत राहिले.

वहिनीचाही आधी डावा हात गेला होता.

दादाला हे ठाऊक नव्हतं. तो घरी असला की ती डावा हात पांघरुणाखाली ठेवायची. तो ताट घेऊन आला तर म्हणायची, भूक नाही, नंतर खाते. तो गेला की मी भरवायचे. हे फक्त मला माहीत होतं. आणि साचा, रेघ, हे सगळं त्याआधीच घेऊन झालेलं; कॅम घासला तो त्याच रेघेवरून. कॅम एका फेरीत संपतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याच्या कडेवर एक पाकीट उचलण्यापुरती जागा असते. त्यात कोणाचे महिनेच्या महिने कसे मावतील?

हॉलच्या साहेबांनी यंत्र रेंगाळतंय हे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. "काढून गोदामात ठेवून द्या," म्हणाला. "कारखान्यातून नवीन येतीलच की."

त्या संध्याकाळी मी दादाच्या बाकाशी जाऊन उभी राहिले.

"दादा, ह्याच्यापुढे काय होणारे ते मला माहितीये."

"कशाच्या? यंत्राच्या?"

"यंत्राच्याच म्हण."

मी त्याला डाव्या हाताचं सांगितलं. तो हातातली कानस पुसत राहिला. स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"मला का नाही बोललीस?"

"तिने शपथ घातली होती."

"आणि पुढे? हातानंतर?"

"श्वास," मी म्हटलं. "मग फार दिवस नाहीत."

तो मला रागावेल, वेडी म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला असता तर मला बरंच वाटलं असतं. तो उठला, साहेबांकडे गेला आणि यंत्र आठवडाभर जागेवर राहू द्या म्हणून सांगून आला. येताना त्याने एक स्टूल उचलून आणलं.

"ह्या वेळी मी बसणार आहे, बारके."

मग तो बसला. सकाळी हॉल उघडला की यायचा आणि बंद होईपर्यंत हलायचा नाही. जाड पाकिटं बाजूला काढून यंत्राला हलकी हलकी तेवढी द्यायचा. डावी पट्टी स्वतःच्या हाताने धरून ठेवायचा. मऊ फडक्याने पुसायचा आणि पुसताना हळू आवाजात काही बोलायचा. शेजारच्या टेबलांवर कोणी हसलं नाही. मीही, जिला ऊठसूट लोकांची टिंगल करायची खोड, गुपचूप त्याला चहा नेऊन द्यायचे. दादा म्हातारा दिसत होता आणि मला त्याची फार कणव येत होती.

मग मधली अंतरं वाढायला लागली. दोनदा उचलायचं, थांबायचं. एकदा उचलायचं, थांबायचं. मी कान लावून ऐकलं. मोटर एकसारखी फिरत होती. कॅमही एकसारखा फिरत होता. अंगठा मात्र उशिरा येत होता. पोलादाला पोलाद टेकलेलं असताना मध्ये उशीर शिरायला जागा कुठे असते, हे मी अजूनही कोणाला विचारू शकलेले नाही.

"आज कुठे जाऊ नकोस," एके दिवशी मी दादाला म्हटलं.

"नाही जात."

दुपार होती. खिडक्यांमधून ऊन टेबलांवर आलेलं. दादाने यंत्राच्या फळीवर ठेवलेली पाकिटं संपली. फळी रिकामी झाली. फळी रिकामी झाली की लाल दिवा लागतो आणि यंत्र बंद होतं. ती जोडणी मी स्वतः केलेली आहे.

लाल दिवा लागला.

अंगठा खाली आला. रिकाम्या फळीवर टेकला, किंचित मागे सरकला आणि वर गेला. पुन्हा आला.

वहिनीने शेवटच्या दुपारी पांघरुणाच्या चुण्या अशाच एकेक करून उचलल्या होत्या. नीट, कुशीने. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

"बारके, काय करतेय ती?"

"पाकिटं उचलतेय."

"पण नाहीयेत."

"तेव्हाही नव्हती, दादा."

त्याने फळीवर आपला तळहात ठेवला. उताणा.

"दादा, हात काढ!"

त्याने काढला नाही.

अंगठा त्याच्या तळहातावर टेकला. त्याला जरासं मागे ढकललं. मग उचलला गेला.

पुन्हा टेकला. ढकललं. उचलला गेला.

पुन्हा टेकला.

ढकललं.

उचलला गेला नाही.

मी मेन बंद केला. हॉलमध्ये सगळ्यांचे हात थांबलेले होते. मावशी टेबलाला धरून उभ्या होत्या. दादाने तळहात तसाच ठेवला आणि तो रडायला लागला, तोंड उघडं टाकून, मोठ्याने, लहान मुलं रडतात तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही रडत होते.

नंतर मी यंत्र पुरतं खोललं. एकही भाग तुटलेला नव्हता. मोटर फिरते, कॅम फिरतो, दांडीला जोर मिळतो. अंगठा उचलत नाही. शेवटी ते गोदामात गेलं आणि दादाने अडवलं नाही. तो जेवायला लागला, झोपायला लागला. एकदा माझ्या सोल्डरिंगवर त्याने पूर्वीसारखा वाकडा शेरासुद्धा मारला. काय झालं होतं ते मला कळलं नव्हतं, पण ते झालं ते बरंच झालं, असं मला वाटायला लागलं होतं. जे त्याचं राहून गेलं होतं ते त्याला मिळालं. आता संपलं.

एका सकाळी घरी कारखान्याच्या फोरमनचा फोन आला. दादाचे हात तेलाचे होते, म्हणून मी स्पीकर चालू केला.

"साहेब, झकास चाललीयेत यंत्रं!" फोरमन खुशीत होता. "सगळी बसवून झाली, लांबलांबच्या ऑफिसांतसुद्धा. जोडी म्हणून जात नाही बघा. फक्त एक बारीकशी गोष्ट आहे. गठ्ठा संपला की जरा थांबतात. तुमच्या नकाशात तर तसं काही नाही."

"सगळी थांबतात?" दादाने विचारलं.

"एकजात सगळी. काढून टाकू का ते?"

त्या यंत्रांचे कॅम संगणकावर कापलेले होते. अंगठे कारखान्याच्या नव्या साच्यातले, गुळगुळीत, एकही रेघ नसलेले. वहिनीचा हात लागलेलं त्यांच्यात काहीच नव्हतं. मी हे सगळं मनात भराभर मांडत होते.

"नका काढू," दादा म्हणाला. "अजून बरी आहे ती."

"काय म्हणालात, साहेब?"

दादाने मला फोन बंद करायची खूण केली. त्याने हात पुसले, कपाटावरची प्रवासाची बॅग खाली काढली आणि तिच्यावरची धूळ झटकली.

"तुझीही रजा टाक, बारके," तो म्हणाला. "एवढ्या सगळ्या ठिकाणी मी एकटा पुरणार नाही."